सनद नसलेला हक्क

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कोर्ट-कचेऱ्यांच्या आवारात बसून लोकांचे अर्ज, दावे, कैफियती लिहिणाऱ्या सर्वांना, म्हणजे वकील, त्यांचे कारकून, टायपिंगवाले आणि स्टँपव्हेंडर यांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक आहे. सातारच्या कोर्टात सत्तावीस वर्षे वकिली करते. महिन्यातून दोन-तीनदा सांगलीलाही तारखांना येते. हे पत्र आपण सगळे रोज लिहितो त्या एका वाक्याबद्दल आहे. ‘तरी मेहेरबान साहेबांनी अर्जदाराच्या गरिबीचा विचार करून, दया दाखवून, सदर अर्ज मंजूर करण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.’ हे वाक्य आपल्या बोटांत इतके बसले आहे की टाइप करताना स्क्रीनकडे बघावेही लागत नाही. ते आपण लिहिणे थांबवावे, एवढी माझी विनंती आहे. कारण सांगायला जरा लांबून यावे लागेल.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला पाटण तालुक्यातल्या एक आजी माझ्या टेबलापाशी आल्या. वय पंचाहत्तरीच्या आसपास, सोबत नातू. पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली कागदपत्रे होती: जुन्या सातबाऱ्याची नक्कल, घडीवर फाटलेली संपादनाची नोटीस, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि वेगवेगळ्या वर्षांचे आवक शिक्के पडलेले सात अर्ज. गाव कोयनेच्या पाण्याखाली गेले तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. पर्यायी जमीन मिळणार असे वडिलांना सांगितले गेले, पुढे कागदही झाला, ताबा मात्र कधीच मिळाला नाही. वडील गेले, भाऊ गेला. आता त्या अर्ज करतात.

मी सातही अर्ज वाचले. सात वेगळ्या माणसांनी लिहिलेले, आणि शेवटचा परिच्छेद सातांचा एकच. त्यातल्या पाचव्यावर माझ्या सिनिअरांच्या ऑफिसचा शिक्का होता. मी त्यांच्याकडे ज्युनिअर होते तेव्हाचा तो अर्ज, मसुदा माझा. मला तो आठवतही नव्हता.

आठवा अर्ज मी तयार केला आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवला. शेवटच्या परिच्छेदापाशी आजींनी हात वर केला.

“थांबा वकीलबाई. दया कशापायी लिवलंय? मी काय मागाय आली व्हय? आमचं घेतलंय त्यांनी. आमचं हाय ते द्या म्हनावं.”

नातू त्यांना समजावू लागला, “आज्जी, कागदावर तसंच लिहायचं असतं.”

त्या गप्प बसल्या. मीही गप्प बसले, कारण त्या मुलाला ‘तसंच लिहायचं असतं’ हे आपणच शिकवले आहे. कायद्याच्या पहिल्या वर्षाला मी नैसर्गिक हक्कांवर पंधरा गुणांचे उत्तर पाठ करून लिहिले होते. त्या उत्तराचा अर्थ मला आजींच्या त्या वाक्यांत कळला.

हक्क हा आपला शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मुळात त्याचा अर्थ सत्य, वाजवी देणे. पण आपल्याकडच्या जुन्या कागदांत तो वतनाला चिकटला. पाटलाचे हक्क, देशमुखीचे हक्क, कुलकर्ण्याचे हक्क-मानपान. गोतसभेत, म्हणजे गावच्या न्यायसभेत, भांडण उभे राहिले की पहिला प्रश्न असे, सनद कुठे आहे? महारांच्या बावन्न हक्कांचीसुद्धा बेदरच्या बादशहाची सनदच सांगितली जाई. त्या हक्कांच्या बदल्यात माणसाने रात्रंदिवस राबायचे आणि उरलेसुरले खायचे. म्हणून तर डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले होते. वतनाचा हक्क हा असा असतो. देणारा कोणीतरी वर असतो, त्याचा शिक्का असतो, आणि शिक्का त्याचा असल्यामुळे मोडणेही त्याच्याच हातात असते.

सातारकरांना हे वेगळे सांगायला नको. १८१९ च्या तहाने कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंहांना राज्य ‘दिले’. १८३९ साली त्याच कंपनीने त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवले आणि १८४८ साली, औरस वारस नाही म्हणून, डलहौसीने राज्यच खालसा केले. रंगो बापूजी गुप्ते कित्येक वर्षे लंडनमध्ये बसून कैफियती छापत राहिले, सभांत बोलत राहिले, तह दाखवत राहिले. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. आपल्या व्यवसायातला इतका चिवट माणूस या मातीत दुसरा झाला नसेल. पण त्यांच्या हातात जो कागद होता तो समोरच्याच्या सहीचा होता, आणि समोरच्याने सही फिरवली.

युरोपात हाच वाद वेगळ्या भाषेत चालला. इंग्लंडच्या जॉन लॉकने १६८९ साली मांडले की जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरचा माणसाचा हक्क राजाच्या आधीचा आहे. लोक राज्य स्थापतात तेच मुळी तो राखण्यासाठी. राज्यकर्त्याने तोच विश्वास मोडला तर सत्ता लोकांकडे परत येते. पुढे १७७६ साली अमेरिकेचा जाहीरनामा झाला, १७८९ साली फ्रान्सचा. फ्रान्समधली उलथापालथ पाहून एडमंड बर्क धास्तावला. त्याने १७९० साली लिहिले की हे असले अमूर्त हक्क घातक आहेत; इंग्रजांचे हक्क त्यांना वाडवडिलांकडून वारशाने मिळाले आहेत आणि तेच खरे. हे वाचताना मला आपला वतनदारच बोलतोय असे वाटते. त्याला टॉमस पेनने १७९१ साली ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये जे उत्तर दिले ते कोणत्याही दिवाणी वकिलाने मनाशी जपावे असे आहे. जुन्या काळचे दाखले काढायचे तर शंभर किंवा हजार वर्षांवर का थांबता, असे तो विचारतो. मागे जायचेच तर थेट तिथपर्यंत जा, जिथे माणूस निर्मात्याच्या हातून बाहेर पडला. तिथे त्याच्या नावापुढे माणूस याखेरीज दुसरी उपाधी नव्हती. म्हणजे उलटतपासणीत साक्षीदाराला ‘त्याआधी काय होते, त्याच्याही आधी काय होते’ असे विचारत आपण नेतो, तसेच.

हे पुस्तक तरुण वयात जोतीराव फुल्यांच्या वाचनात आले. जोतीरावांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातले नायगाव; दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली. पेनचा विचार जोतीरावांनी नुसता उतरवून घेतला नाही. त्यांनी निर्मात्याला ‘निर्मिक’ हा शब्द दिला आणि एक पाऊल पुढे टाकले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त, जे त्यांच्या निधनानंतर १८९१ साली छापले गेले, त्यांनी हक्कांचा धनी सांगताना स्त्री आणि पुरुष दोघांची नावे घेतली. फ्रान्सच्या जाहीरनाम्यात स्त्रिया नव्हत्या. ओलांप द गूज या बाईने १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि दोन वर्षांत तिला गिलोटिनवर पाठवले गेले. अमेरिकेच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत गुलामांचे मालक होते. लॉकच्या मालमत्तेच्या सिद्धान्ताचा उपयोग अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी ‘पडीक’ ठरवून घेण्यासाठी झाला.

‘नैसर्गिक’ या शब्दापाशी म्हणूनच सावध राहायला हवे. ॲरिस्टॉटलने काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे लिहून ठेवले. आपल्याकडे जात ही जन्मसिद्ध आणि ईश्वरनिर्मित म्हणूनच शिकवली गेली. बाईने घरात राहावे हा निसर्गनियम आहे, असे मी स्वतः एका प्रतिष्ठित माणसाच्या तोंडून साक्षीत ऐकले आहे. निसर्गाचे नाव घेऊन कोणीही काहीही सांगू शकतो. मग खऱ्याखोट्याची पारख कशी करायची? मला जोतीरावांची रीत पटते. जो हक्क तुम्ही स्वतःसाठी सांगता तो समोरच्या प्रत्येकासाठी, बाईसाठी, मांग-महारासाठी सांगायला तयार असाल तरच तो निर्मिकाचा. एकाला सोडून दुसऱ्यालाच मिळत असेल तर ते वतन झाले.

आता सातारच्याच एका नळाची गोष्ट. ज्या शाळेला आज छत्रपती प्रतापसिंहांचे नाव आहे तिथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाचा मुलगा दाखल झाला. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की बाकीच्या मुलांना तहान लागली की ती जाऊन नळ उघडत आणि पाणी पीत. भीमरावला नळाला हात लावायची मुभा नव्हती. मास्तरांची परवानगी घ्यायची, शिपायाने तोटी उघडायची, मग पाणी. शिपाई जागेवर नसला तर पाणी नाही. आणि १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेला भीमराव आणि त्याच्यासोबतची मुले मसूर स्टेशनवर उतरली तेव्हा जात कळताच गाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तेही मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि त्याने शेजारून चालायचे या अटीवर. सोबत जेवण होते, पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशी झोपली.

नळाला पाणी होते. शाळेत दाखला होता. गाडीभाड्याला पैसे होते. तरी तहान दुसऱ्याच्या मर्जीवर होती. मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक मला याहून नेमका दाखवता येणार नाही, आणि म्हणूनच आपल्या अर्जातल्या ‘कृपा करावी’शी मला तो शिपाई दिसतो.

माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, “अहो, हे सगळं भाषणात ठीक. कलम दाखवा, नियम दाखवा. कायद्यात नसेल तर हक्क कसला?” त्यांचे म्हणणे हलके नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने हेच जास्त कडक शब्दांत म्हटले होते. हक्क हे कायद्याचे अपत्य आहे, नैसर्गिक हक्क म्हणजे निव्वळ बाष्कळपणा, आणि काढून न घेता येणारे नैसर्गिक हक्क म्हणजे पायांना काठ्या बांधून उंच झालेला बाष्कळपणा. भूक म्हणजे भाकरी नव्हे, असेही तो म्हणाला. हक्क असायला हवा असे वाटले म्हणून हक्क तयार होत नाही. कोर्टात रोज उभे राहणाऱ्याला यातले तथ्य नाकारता येत नाही. आंबेनळी घाट उतरून पलीकडे गेले की महाड. तिथल्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी प्यायले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. डॉ. आंबेडकरांनी तिची तुलना फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रसभेशी केली आणि जन्मतः सर्व समान असल्याचा जाहीरनामा संमत झाला. पण तळ्याचा दावा चालला दहा वर्षे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला तो माणसाच्या जन्मसिद्ध हक्कावर नव्हे. बंदीची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सवर्णांना सिद्ध करता आले नाही, या मुद्द्यावर. समजा त्यांनी चार जुने कागद आणले असते तर?

हा ‘समजा’च बेंथमला माझे उत्तर आहे. कागद सापडले असते तरी ती बंदी अन्यायच राहिली असती, हे आपल्याला आतून ठाऊक आहे. हे ठाऊक असणे कुठल्या कायद्यातून आले? कायद्याला चूक म्हणायची जागा कायद्याच्या बाहेर कुठेतरी असावीच लागते.

आजींचेच बघा. गाव बुडाले तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा चालू होता. त्यात मोबदला होता, पुनर्वसन नव्हते. महाराष्ट्राने विस्थापितांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा केला १९७६ साली, मग १९८६ चा, मग १९९९ चा. केंद्राचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. बेंथमच्या हिशेबाने पाहिले तर साठच्या दशकात डोक्यावर गाठोडे घेऊन निघालेल्या त्या माणसांना पुनर्वसनाचा हक्कच नव्हता. मग ती माणसे कोणत्या बळावर मोर्चे काढत होती? पुढचे कायदे त्यांच्या तोंडातून आलेल्या ‘आमचं हाय ते द्या’मधून आले. आधी हक्क, मग चळवळ, मग कायदा. आपण अर्जात हा क्रम उलटा लिहितो.

आणीबाणीत हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे उघडावाघडा उभा राहिला. जीवित आणि स्वातंत्र्य राखणाऱ्या घटनेच्या कलम २१ ची दाद मागण्याचा मार्ग राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद केला होता. न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरलना विचारले की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर दाद कुठे? आणीबाणी आहे तोवर कुठेच नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. एकट्या खन्नांनी लिहिले की घटनेत कलम २१ नसते, तरीही कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेण्याची सत्ता राज्याला नसती. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. पण १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही गोठवता येणार नाहीत असे ठरले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात तो १९७६ चा निकालच मोडीत काढला. त्यातला न्या. चंद्रचूड यांच्या निकालपत्राचा भाग आपल्या टेबलावर लावून ठेवण्याजोगा आहे. जीवित आणि स्वातंत्र्य ही राज्याने दिलेली बक्षिसी नाही, घटनेनेही ते निर्माण केलेले नाही. घटना फक्त ते ओळखते. म्हणजे देशातले सर्वोच्च न्यायालय ज्याला मेहेरबानी म्हणायला तयार नाही, त्याला आपण झेरॉक्सच्या दुकानाशेजारी बसून मेहेरबानी म्हणतो.

एकदा घटनेचे मराठी पुस्तक काढून कलम २१ शब्दशः वाचा. ‘प्रत्येकाला जीविताचा हक्क देण्यात येत आहे’ असे तिथे नाही. कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणत्याही व्यक्तीला ‘वंचित केले जाणार नाही’ असे आहे. ज्याच्याजवळ आधीपासून काही आहे त्यालाच वंचित करता येते. आणि शब्द ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे.

मालमत्तेचे मात्र तसे राहिले नाही. लॉकच्या त्रयीतला तिसरा हक्क त्याच ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला आणि कलम ३०० क मध्ये ठेवला. माझ्या मते ते बरोबर झाले. कूळ कायदा आणि कमाल जमीनधारणा यांच्यापुढे दर वेळी मालकाचा जन्मसिद्ध हक्क उभा राहिला असता तर आपल्या भागातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या नसत्या. लॉकनेही एक अट घातलीच होती, की आपण घेतल्यावर इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. ती अट नीट वाचलेली दिसते ती सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीला. तिथे येरळेवर लोकांनी उभ्या केलेल्या बळीराजा स्मृती धरणाच्या पाण्यात भूमिहीनालाही वाटा ठरवला गेला. सातबारा नाही म्हणून पाणी नाही, हे सूत्रच त्यांनी मानले नाही. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला पाणी हे जीविताचाच भाग आहे हे पटवायला पुस्तक लागत नाही.

पण मालमत्ता मूलभूत हक्कांतून गेली म्हणून ती सरकारच्या मर्जीवर आली असे मुळीच नाही. हिमाचल प्रदेशातल्या एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी मोबदल्याशिवाय घेतली गेली होती. विद्या देवी या तिच्या प्रकरणात ८ जानेवारी २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने मालमत्तेला मानवी हक्क म्हटले, इतक्या वर्षांच्या विलंबाचा आक्षेप फेटाळला, आणि बळकावलेल्या जमिनीवर विरुद्ध कब्जाचा, म्हणजे वर्षानुवर्षे ताबा आहे म्हणून मालकी सांगण्याचा, आधार सरकारला घेता येत नाही असे बजावले. कोयनेच्या, धोमच्या, वारणेच्या प्रत्येक फाइलीत हा निकाल जोडा. मी आजींच्या अर्जाला जोडला आहे.

दुसरी एक गोष्ट मला बाई म्हणून सांगायची आहे. नैसर्गिक हक्काला मिळण्यासाठी सनद लागत नाही, तसे त्याचे हक्कसोडपत्रही करता येत नाही. तत्त्वज्ञ याला अहस्तांतरणीय म्हणतात. आपल्या बोलीत हक्कसोड हा शब्द पुरेसा आहे. लॉक म्हणतो की माणूस स्वतःला गुलामीत विकू शकत नाही, कारण स्वतःच्या जिवावर इतकी सत्ता त्यालाही नाही. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांनी आधी हायकोर्टात दिलेली कबुली त्यांच्याविरुद्ध दाखवली गेली, की फुटपाथवर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितले, असल्या कबुलीने मूलभूत हक्क बुडत नाही.

मी स्वतः हक्कसोडपत्रावर सही केलेली आहे. वडील गेल्यावर महिन्याच्या आत, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात. वकिलीला दोन वर्षे झाली होती. १९९४ पासून महाराष्ट्रात मुलीला सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतली वाटेकरी, म्हणून जन्मतः हिस्सा आहे हे मला तोंडपाठ होते. मसुदा समोर आला: ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाब-दडपणाशिवाय.’ बाहेर बाकावर आई बसली होती. तिने फक्त एवढेच विचारले होते, “माहेर तुटू द्यायचं नाही ना?” मी सही केली. भावाशी माझे आजही येणेजाणे आहे, त्याने मला कधी दुखावले नाही. जमिनीचा हिस्सा कायद्याने सोडता येतो, तो मी सोडला, त्याबद्दल मला कोर्टात जायचे नाही. पण तो हिस्सा वडिलांची देणगी नव्हती, जन्माने माझा होता, हे २०२० साली विनीता शर्मा निकालाने जेव्हा देशभरासाठी पक्के केले तेव्हा मी चेंबरमध्ये दार लावून तो निकाल दोनदा वाचला. त्यानंतर माझ्याकडे हक्कसोडीला येणाऱ्या प्रत्येक बहिणीशी मी आधी एकटीशी बोलते. तुम्हीही बोला. सही करायची तर करू दे, पण आपण काय सोडतोय आणि ते आपल्याला कोणी दिलेले नव्हते, एवढे कळून करू दे.

तुमच्यातले कोणी म्हणतील, बाई, साहेबांना असली भाषा आवडत नाही, अर्ज खाली जाईल, गरिबाचे काम अडेल. ही भीती खोटी नाही. एका कार्यालयात ‘हक्काने मागणी’ या शब्दांवर बोट ठेवून मला ‘हे काय भांडायला आलात का’ असे विचारले गेले आहे. पण उद्धट लिहा असे मी म्हणतच नाही. ‘महोदय’ लिहा, ‘विनंती’ लिहा, नमस्कारही लिहा. दया, गरिबी, कृपा, मायबाप हे शब्द काढा. ते नुसते रिवाजाचे शब्द नाहीत, त्यांनी प्रकरणाचे स्वरूप बदलते. दया मागणाऱ्याला नाही म्हणायला कारण द्यावे लागत नाही. हक्क सांगणाऱ्याला लेखी कारण द्यावे लागते. माहितीच्या अधिकाराचा कायदा बघा. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला माहिती कशाला हवी हे विचारताच येत नाही. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात तर नावातच तो शब्द आहे, दाखल्याला मुदत आहे, अपील आहे. तरीही त्याच दाखल्याचा अर्ज आपण ‘कृपावंत होऊन’ असा टाइप करतो.

डॉ. आंबेडकर १९४३ साली पुण्यात, रानडे जयंतीच्या भाषणात म्हणाले होते की हक्कांचे रक्षण कायदा करत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक जाणीव करते. ज्यांनी पुढे घटनेचा मसुदा लिहिला त्यांचे हे म्हणणे आहे. आपल्या जिल्ह्यांत ती जाणीव कुठे घडते? शाळेत घडते, चळवळीत घडते, आणि माझी खात्री आहे की आपल्या टेबलांवरही घडते. खेड्यातून आलेला माणूस आयुष्यात तीन-चारदाच सरकारशी लेखी बोलतो, तेही आपल्या शब्दांत. १९४३ साली याच मुलखात, तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावोगाव बसत होती. तिथे कोणी मायबाप नव्हते. त्या गावांची नातवंडे आज आपल्यासमोर हात जोडून उभी राहतात.

आजींच्या आठव्या अर्जाचा शेवट मी त्यांच्यासमोर बसून बदलला. मसुद्याचे शब्द माझे, म्हणणे त्यांचे. तो असा आहे:

‘अर्जदाराच्या वडिलांची जमीन धरणासाठी घेण्यात आली. तिच्या बदल्यातील जमिनीचा ताबा आजपर्यंत दिलेला नाही. सदर जमीन ही अर्जदाराची असून ती मिळणे हा अर्जदाराचा हक्क आहे. तरी ताबा कोणत्या तारखेस देण्यात येईल हे लेखी कळवावे. देता येत नसल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत.’

नातवाने तो दोनदा वाचून दाखवला. आजींनी “आता बराबर हाय” म्हणत सही केली. अंगठा नव्हे, सही; पुनर्वसित वस्तीतल्या साक्षरता वर्गात शिकलेली. अर्ज त्याच दुपारी दाखल झाला. उत्तर अजून आलेले नाही. पण पहिल्या सात अर्जांच्या वेळी नव्हते असे एक पत्र या वेळी फाइलीत आहे: ‘प्रकरण अभिप्रायार्थ पाठविले आहे.’ त्याची मुदत संपली की मी स्मरणपत्र देणार आहे, त्यातही ‘कृपया’ एकदाच असेल.

हा परिच्छेद तुमच्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या परिच्छेदाच्या जागी टाकून घ्या. गाव, गट नंबर, कलम बदलले की बहुतेक अर्जांना चालेल. दाखल्यांचे, वारसनोंदीचे, रेशनकार्डाचे मसुदेही मी तयार केले आहेत. साताऱ्यात कोर्टाच्या आवारात कोणालाही माझे टेबल विचारा, सांगलीत तारखेच्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन या.

आपली,
सातारच्या कोर्टातली एक सहकारी वकील